मुंतिलानचे रोमो

ख्रिस्तजन्माच्या सणाला आपण 'नाताळ' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र समुद्रापलीकडे हजारो मैलांवर, इंडोनेशियातही हाच सण 'नाताल' याच नावाने साजरा होतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. तेथे चर्चला 'गरेजा' म्हणतात. गोव्यातील 'इगर्ज' या शब्दाची ती सख्खी बहीणच. रविवार हा 'मिंगू', म्हणजे पोर्तुगीज 'दोमिंगो'चा अवशेष. आणि त्याच भाषेत पापाला 'दोसा', धर्माला 'आगामा', नरकाला 'नराका' व उपवासाला 'पुआसा' हे शब्द आहेत. ते कोणत्या भूमीतून तेथे गेले हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. परक्यांबरोबर आलेले शब्द त्या बेटांनी असे आपलेसे केले. मात्र शब्द आणणाऱ्या माणसांना तेथे आपले होणे जमले का? ज्याने तसा मनापासून प्रयत्न केला, अशा एका डच धर्मगुरूची ही कहाणी आहे. गावही मोठे नाही. मध्य जावातील मुंतिलान नावाचे ते एक छोटे शहर.

या बेटांशी आपला संबंध जुना आहे. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून मलाक्कामार्गे १५४६ च्या फेब्रुवारीत आंबोन बेटावर पोचले. मलाक्कात असतानाच त्यांनी मुख्य प्रार्थनांचे मलाय भाषेत रूपांतर करून घेतले होते आणि ती शिदोरी घेऊनच ते पुढे निघाले. आंबोन, तेर्नाते व मोरोची बेटे एवढा प्रवास करून ते परत फिरले. त्यांचा तेथील मुक्काम एकदीड वर्षाचाच होता. पुढे १६०५ साली डचांनी आंबोन जिंकले. हे डच म्हणजे आपल्या जुन्या बखरींतले वलंदेज. वेंगुर्ल्याला १६३७ साली वखार थाटून पोर्तुगीजांच्या गोव्यावर डोळा ठेवणारे ते हेच. तेथील कॅथोलिकांना त्यांनी आपल्या प्रोटेस्टंट पंथात आणले आणि कॅथोलिक धर्मगुरूंना तेथे पाय ठेवायला मनाई केली. ही मनाई दोनशे वर्षे टिकली. १८०८ साली दोन कॅथोलिक धर्मगुरू बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, उतरले आणि १८५९ साली येशूसंघीय आले. परंतु ते प्रामुख्याने गोऱ्या कॅथोलिकांचे, सैनिकांचे व नोकरदारांचे पुरोहित होते. जावातील मूळ माणसाशी त्यांचा संबंध जवळजवळ आलाच नाही.

यात केवळ त्यांचा दोष नव्हता. १८५४ च्या राज्यकारभारविषयक कायद्यातील १२३व्या कलमान्वये कोणत्याही ख्रिस्ती मिशनऱ्याला किंवा धर्मगुरूला एखाद्या विशिष्ट प्रदेशात काम करायचे, तर गव्हर्नर जनरलची खास परवानगी लागे. ती न देणे किंवा दिलेली काढून घेणे त्याच्याच हाती होते. आज परदेशी नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना व्हिसा नूतनीकरणाची जी धास्ती असते, तिची कल्पना असलेल्या वाचकांना हे सहज समजेल. परका माणूस कागदाच्या एका तुकड्यावर जगत असतो. तो तुकडा देणाऱ्याला दुखवायचे नाही, हा धडा तो लवकर शिकतो.

फ्रान्सिस्कस व्हान लिथ यांचा जन्म १८६३ साली हॉलंडमधील ओइर्स्खोट गावी झाला. येशूसंघात दाखल होऊन धर्मगुरू झाल्यावर १८९६ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ते जावाच्या उत्तर किनाऱ्यावरील सेमारांग बंदरात उतरले. त्यांच्याबरोबर पेट्रस होवेनार्स हे त्यांचे सहकारी होते. या दोघांना खास जावानी लोकांत काम करण्यासाठी पाठविण्यात आले होते. पुढच्याच वर्षी व्हान लिथ मुंतिलानला आणि होवेनार्स जवळच्या मेंदूत येथे स्थायिक झाले.

मुंतिलान हे योग्याकार्ताच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, मगेलांगच्या रस्त्यावर आहे. डोक्यावर मेरापी हा जागता ज्वालामुखी. त्याच्या राखेने सुपीक झालेली भातशेती पायथ्याशी पसरलेली. पश्चिमेकडे थोड्या अंतरावर बोरोबुदुरचा भव्य बौद्ध स्तूप. बाजार, चिनी व्यापाऱ्यांची दुकाने आणि भोवती खेडी, असे ते गाव. उत्तरेचे मगेलांग हे लष्करी ठाण्याचे शहर; तेथे गोरे लोक पुष्कळ. व्हान लिथ यांना तेथे राहता आले असते. मुंतिलानमध्ये त्यांनी लामात नदीकाठच्या सेमांपीर वस्तीत, जावानी लोकांच्या शेजारात बिऱ्हाड केले.

हे जागा निवडणे किती अर्थपूर्ण होते हे समजण्यासाठी त्या काळचे गोऱ्यांचे जीवन ध्यानात घेतले पाहिजे. वसाहतीतील प्रत्येक लहानमोठ्या शहरात गोऱ्यांची वस्ती वेगळी, क्लब वेगळा, शाळा वेगळी. जावानी मनुष्य गोऱ्या अधिकाऱ्यासमोर आला की त्याने जमिनीवर उकिडवे बसावे, हात जोडून कपाळाला लावावेत, अशी रीत होती. ही रीत मोडण्यासाठी सरकारलाच परिपत्रके काढावी लागली. १९१३ सालीही ते काम पुरे झाले नव्हते. परंतु खरी भिंत होती ती भाषेची. जावानी भाषेत बोलण्याचे दर्जे आहेत. बरोबरीच्याशी किंवा कनिष्ठाशी बोलायची ती 'न्गोको' आणि वडीलधाऱ्यांशी, मान्यवरांशी बोलायची ती 'क्रोमो'. मराठीत आपण 'तू' आणि 'आपण' यांत जो फरक करतो तो केवळ सर्वनाम व क्रियापद यांपुरता असतो. जावानीत मात्र खाणे, झोपणे, घर, हात यांसारख्या साध्या शब्दांनाही दर्जाप्रमाणे निराळे शब्द आहेत. गोरा साहेब जावानी माणसाशी बाजारू मलायमध्ये किंवा न्गोकोत बोले आणि उत्तर मात्र आदरार्थी क्रोमोत मिळावे अशी अपेक्षा ठेवी. जावानी माणसाने डच भाषेत उत्तर दिले तर अनेक साहेबांना तो उद्धटपणा वाटे. साहेबाची भाषा बोलणारा साहेबाच्या पायरीवर येऊन उभा राहतो ना!

व्हान लिथ यांनी याच्या उलट केले. ते स्वतः क्रोमो शिकले आणि जावानी मुलांना त्यांनी डच शिकविली. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कार्याचे सार या एका अदलाबदलीत आहे.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि पोर्तुगीजांच्या राज्यात राहून त्याने 'ख्रिस्तपुराण' लिहिले ते मराठीत. स्टीफन्स यांच्यासमोर जो प्रश्न होता तोच तीनशे वर्षांनी व्हान लिथ यांच्यासमोर आला. परमेश्वराला लोकांच्या भाषेत कोणत्या शब्दाने हाक मारायची? 'हे आमच्या बापा' या प्रार्थनेच्या जावानी रूपात त्यांनी 'रामा' हा आदरार्थी शब्द घेतला. त्याचा उच्चार 'रोमो' असा होतो. आपल्याला रामायणातला राम आठवेल, पण जावानीत त्याचा अर्थ पूज्य पिता असा आहे. जावानी लोक धर्मगुरूलाही याच शब्दाने हाक मारू लागले. आजही तेथे फादर म्हणजे 'रोमो'च.

सुरुवातीची सहासात वर्षे मात्र हाती फारसे काही लागले नाही. स्नानसंस्कार घेणारे थोडे, त्यातही टिकणारे थोडेच. शिवाय दोघा सहकाऱ्यांचे आपसात पटेना. होवेनार्स यांचे म्हणणे असे, की आपण सुवार्ता सांगायला आलो आहोत, तर खेड्यांत जाऊन थेट धर्मशिक्षण द्यावे, स्नानसंस्कार द्यावेत. व्हान लिथ म्हणत, आधी भाषा, आधी माणूस, आधी शाळा. घाईने दिलेला स्नानसंस्कार पाण्यावरच्या रेघेसारखा पुसला जातो. वाद प्रार्थनांतील शब्दांपर्यंत गेला. पुढे होवेनार्स यांची बदली झाली आणि इतिहासाने व्हान लिथ यांच्या बाजूने कौल दिला. तरीही मी होवेनार्स यांना अगदीच चुकीचे मानीत नाही. शाळेतून घडणारे नेतृत्व बहुधा सरदार-कारकुनांच्या घरांतून येते. चिखलात भात लावणाऱ्या माणसाचे काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आणि गंमत अशी, की व्हान लिथ यांचे बुडू पाहणारे काम तारले तेही अशाच एका खेडुताने.

त्याचे नाव सारिक्रोमो. प्रोगो नदीपलीकडे, मेनोरेह टेकड्यांत, कालिबावांग भागात तो राहत असे. पायाच्या दुखण्याने तो इतका जेरीस आला होता, की त्याला चालता येत नव्हते. घसटत घसटत तो मुंतिलानला आला. तेथे त्याची शुश्रूषा झाली, जखमा भरल्या आणि तो आपल्या पायांवर उभा राहिला. १९०४ च्या मे महिन्यात त्याने काही सोबत्यांसह स्नानसंस्कार घेतला; नाव घेतले बार्नाबास. मग हा बरा झालेला मनुष्य त्याच पायांनी टेकड्यांतील वाड्यावस्त्या हिंडू लागला. त्याने लोकांना काय सांगितले असेल, याचा तर्क करणे अवघड नाही. १४ डिसेंबर १९०४ रोजी दोन सोनो वृक्षांमधून वाहणाऱ्या झऱ्याच्या पाण्याने फादर व्हान लिथ यांनी १७१ जणांना स्नानसंस्कार दिला. त्या जागेला 'सेंदांगसोनो', म्हणजे सोनो वृक्षांचा झरा, म्हणतात. १९२९ साली तेथे लूर्दमातेची गुहा झाली. आपण ज्या भावनेने माऊंट मेरीला किंवा वेलंकनीला जातो, त्याच भावनेने जावातील भाविक मे व ऑक्टोबर महिन्यांत तेथे लोटतात. पुढे या तीर्थस्थानाची वास्तुरचना मांगुनविजाया या लेखक-धर्मगुरूने केली, तीही टेकडीचा उतार व झाडे यांना धक्का न लावता.

मुंतिलानची शाळा याच सुमारास आकाराला येत होती. गावशाळेपासून सुरुवात होऊन १९०४ नंतर तेथे शिक्षक तयार करणारे विद्यालय उभे राहिले. 'झेवियर कॉलेज' हे त्याचे नाव. राणी विल्हेल्मिना यांनी १९०१ साली जावाच्या प्रजेविषयी हॉलंडचे नैतिक ऋण असल्याचे जाहीर केले होते. त्यामुळे शिक्षणाला थोडेफार सरकारी पाठबळ मिळू लागले होते. मुले वसतिगृहात राहत. ख्रिस्ती होण्याची अट नव्हती. बहुतेक मुले मुसलमान घरांतून येत.

अशाच एका मुलाचे नाव होते सुगिया. त्याचा जन्म १८९६ चा, म्हणजे व्हान लिथ जावात उतरले त्याच वर्षीचा. त्याचे कुटुंब मूळचे सुराकार्ताच्या दरबारातले. व्हान लिथ यांच्या बोलावण्यावरून १९०९ साली तो मुंतिलानला आला, तो केवळ डच शिक्षणासाठी. मुलगा तोंडाने फटकळ. फादर मेर्टेन्स या शिक्षकाला त्याने सुनावले, की तुम्ही मिशनरीही त्या डच व्यापाऱ्यांसारखेच. पैसे कमवायलाच येथे आलात. त्यावर फादरांनी एवढेच सांगितले, की धर्मगुरूंना या कामाचा पगार मिळत नाही. तुम्हा मुलांचे भले व्हावे एवढीच आमची इच्छा आहे. मुलगा गप्प झाला. पुढच्या वर्षी त्याने धर्मशिक्षणाच्या वर्गात बसायची परवानगी मागितली. कारणही मोठे व्यवहारी दिले, की शाळेत जे जे मिळते त्या सर्वांचा लाभ घ्यावा म्हणतो! पवित्र त्रैक्याविषयी त्याने शंका काढून धर्मगुरूंना भंडावून सोडले. व्हान लिथ यांनी त्याला संत थॉमस अक्वायनसचे विचार सांगितले, मेर्टेन्स यांनी संत ऑगस्टीनचे. स्नानसंस्कारासाठी आईवडिलांची संमती हवी, असे म्हटल्यावर त्याने बारा वर्षांचा येशू आईवडिलांना न सांगता मंदिरात राहिला होता, हा शुभवर्तमानातील प्रसंग पुढे केला. १९१० च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याचा स्नानसंस्कार झाला. सेमिनरीत आम्हाला धर्मशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांना असा एखादा विद्यार्थी मिळाला असता, तर त्यांचे काय झाले असते असे मनात येते.

हाच मुलगा आल्बेर्टुस सुगियाप्रानाता या नावाने १९४० साली सेमारांगचा बिशप झाला. इंडोनेशियन लोकांतील तो पहिला बिशप. स्वातंत्र्यलढ्यात तो उघडपणे प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिला. डचांच्या ताब्यातील सेमारांग सोडून तो १९४७ साली प्रजासत्ताकाच्या राजधानीत, योग्याकार्ताला, राहायला गेला. पूर्ण कॅथोलिक असणे आणि पूर्ण इंडोनेशियन असणे यांत विरोध नाही, ही त्याची शिकवण तेथील कॅथोलिकांच्या तोंडी आजही आहे. १९६३ साली त्याचे निधन झाल्यावर शासनाने त्याला राष्ट्रवीर म्हणून गौरविले. कॅथोलिक पक्षाचे संस्थापक कासिमो हेही मुंतिलानचेच विद्यार्थी. त्यांनी १९२३ साली जावानी कॅथोलिकांची वेगळी राजकीय संघटना उभारली. डच कॅथोलिकांच्या पक्षाचे शेपूट होऊन राहण्यास त्यांनी नकार दिला.

हे विद्यार्थी असे का घडले, याचे उत्तर त्यांच्या गुरूच्या वागणुकीत सापडते. १९१८ साली वसाहतीच्या राज्यघटनेत सुधारणा सुचविण्यासाठी नेमलेल्या समितीवर फादर व्हान लिथ यांना घेण्यात आले. तेथे त्यांनी जावानी व इतर स्थानिकांना कारभारात मोठा वाटा मिळावा, अशी बाजू मांडली. १९२० साली प्रकृती ढासळल्यामुळे ते हॉलंडला परतले. परंतु स्वस्थ बसले नाहीत. १९२२ साली त्यांनी हॉलंडच्या वसाहतविषयक धोरणावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांची भूमिका थोडक्यात अशी होती: डच व जावानी यांच्यात सलोखा राहावा, हीच आपली इच्छा, पण कधी फाटलेच, तर आम्ही मिशनऱ्यांनी जावानी लोकांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

आज हे वाचताना आपल्याला सोपे वाटते. १९२२ साली एका डच माणसाने, ज्याच्या कामाची परवानगी, शाळेचे अनुदान आणि आप्तस्वकीय सारे डचांच्या बाजूला होते, त्याने हे छापून प्रसिद्ध करणे सोपे नव्हते. वसाहतीतील डच मंडळींना, त्यांत कॅथोलिकही आले, हा घरभेदीपणा वाटला. ज्यांच्याबरोबर वेदीसमोर गुडघे टेकायचे त्यांनीच पाठ फिरवावी, हे दुःख धर्मगुरूला फार जिव्हारी लागते. व्हान लिथ संत होते असे मी म्हणणार नाही. 'माझी मुले' म्हणून जावानी तरुणांना कवेत घेणाऱ्या त्या प्रेमात वडीलकीचा एक तोराही असणार. तसा तो आम्हा सर्वच धर्मगुरूंत असतो. परंतु मुले मोठी होतील, घर मागतील आणि ते घर त्यांचेच आहे, हे त्यांनी वेळेवर ओळखले. पुष्कळ मिशनऱ्यांना ते ओळखता आले नाही.

१९२४ साली ते जावाला परतले, पण राहिले सेमारांगला. मुंतिलानच्या शाळेची सूत्रे आता इतरांकडे होती. ९ जानेवारी १९२६ रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा देह मुंतिलानला आणून तेथे दफन करण्यात आला. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी फ्रान्सिस्कस सातिमान यांना त्याच वर्षी, अवघ्या काही महिन्यांनी, हॉलंडमध्ये गुरुदीक्षा मिळाली. येशूसंघातील ते पहिले जावानी धर्मगुरू. ज्या क्षणासाठी त्या माणसाने तीस वर्षे वाट पाहिली, तो क्षण त्याच्या डोळ्यांना दिसला नाही.

पुढे महायुद्ध आले. १९४२ साली जपान्यांनी जावा घेतला आणि झेवियर कॉलेज बंद पडले. १९४५ साली स्वातंत्र्याची घोषणा झाली. डच पुन्हा राज्य मिळवायला आले. १९ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी योग्याकार्तावर हल्ला चढविला. त्या धामधुमीत मुंतिलानमध्ये जाळपोळ झाली आणि शाळेच्या इमारतीही आगीत सापडल्या. दुसऱ्या दिवशी, २० डिसेंबरला, एका सशस्त्र टोळीने दोघांना गावाबाहेर नेऊन ठार केले. त्यांपैकी एक होते फादर सांजाया. मुंतिलानच्याच परिसरात जन्मलेले, चौतीस वर्षांचे जावानी धर्मगुरू. दुसरे फ्रेटर बाउवेन्स, येशूसंघातील डच सेमिनरियन. एकाला परक्यांचा मित्र म्हणून मारले, दुसऱ्याला परका म्हणून. त्यांना प्रथम शेतातच पुरण्यात आले होते. १९५० साली ते देह उकरून मुंतिलानच्या दफनभूमीत, जेथे फादर व्हान लिथ विसावले आहेत तेथेच, पुन्हा ठेवण्यात आले.

दरवर्षी त्या कबरींपाशी भाविक मेणबत्त्या लावतात. ते जावानीत प्रार्थना करतात, 'रोमो सांजाया' आणि 'रोमो व्हान लिथ' अशी नावे घेतात. डचांचे राज्य जाऊन पाऊण शतक लोटले. त्या दफनभूमीला मात्र गावकरी अजूनही 'केर्कोफ' या डच शब्दानेच ओळखतात.